रोज वाचतो, पण दिवसभर उरतं काय?

नेवासेकर

जय ख्रिस्त मंडळी. बरेच दिवस मनात असलेला एक प्रश्न इथे मांडतोय.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला, नोकरी चाकणला, पहिली पाळी. पावणेपाचला उठतो. गावी आमच्याकडे रात्री जेवणाआधी कुटुंबप्रार्थना असायची. वडील कंदिलाशेजारी बसून (पुढे बल्ब आला तरी जागा तीच) शास्त्रपाठ वाचायचे, मग एक भजन आणि मग प्रार्थना. भाकरी तव्यावरून उतरायची आणि आम्ही डोळे मिटलेले. वडील दोन वर्षांपूर्वी प्रभूत झोपले, म्हणजे वारले. त्यांचं पवित्र शास्त्र (बायबल) मी पुण्याला आणलं आणि ठरवलं की नेम मोडायचा नाही.

तो मोडला नाही. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. रोज तीन-चार वाचले की वर्षात पूर्ण होतं. एकदा पूर्ण झालं, आता दुसरी फेरी चालू आहे. पण परवा चहाच्या सुट्टीत एका सहकाऱ्यानं सहज विचारलं, "आज सकाळी काय वाचलंस?" तो ख्रिस्ती नाही, त्यानं खरोखर उत्सुकतेनं विचारलं होतं. आणि मला आठवेना. पाच तासांपूर्वी वाचलेलं! पुस्तकाचं नाव तेवढं सांगता आलं.

याकोबाच्या पत्रात तो माणूस आहे ना, आरशात तोंड बघतो आणि वळला की आपण कसे दिसतो ते विसरतो. दिवसभर मशीनवर तेच डोक्यात होतं. तुम्ही रोजचं मनन कसं करता? आणि ते दिवसात उतरतं कसं? अनुभव सांगा, उपदेश नको असं नाही, पण अनुभव आधी.

मिरजेची_सिस्टर

मी परिचारिका आहे, महिन्यात आठ-दहा रात्रपाळ्या असतात. तीन अध्याय वाचायला मला कधीच जमलं नाही, आणि त्याची खंत मी फार वर्षं बाळगली.

आता करते ते असं. ड्यूटीला निघण्याआधी एकच ओळ वाचते आणि ती पाठ करून जाते. चांगली सात-आठ वेळा म्हणून. स्तोत्र १२१ मध्ये आहे, तुझा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही. रात्री तीन वाजता, जेव्हा आपलेच डोळे मिटायला लागतात, तेव्हा ही ओळ वेगळीच लागते. मागच्या महिन्यात एक आजोबा दर दहा मिनिटांनी हाक मारायचे. काही नको असायचं, कुणी जागं आहे ना एवढंच बघायचं असायचं. सहाव्या हाकेला माझ्या तोंडाशी कडू शब्द आला होता. तेवढ्यात ती ओळ आली. मी खुर्ची ओढून बसले, म्हटलं, आजोबा, मी जागी आहे, झोपा. ते खरंच झोपले.

त्या रात्री मला कळलं की ती ओळ माझ्यासाठी होती तशी माझ्यामार्फत त्यांच्यासाठीही होती. एवढंच करते मी. बाकी सगळी प्रार्थना कॉरिडॉरमध्ये चालता चालता होते.

शिस्तप्रिय

सिस्टर, तुमचा अनुभव वाचून भरून आलं. तरी धागाकर्त्यांना सांगेन, क्रमवार वाचन सोडू नका.

कारण सांगतो. एकेक ओळ निवडायची म्हटलं की आपण आपल्याला गोड लागणाऱ्याच निवडतो. स्तोत्र २३, योहान ३:१६, फिलिप्पैकरांस ४:१३, झालं. आमोस संदेष्ट्याचं पुस्तक कोण वाचणार? गरिबाला वहाणांच्या एका जोडासाठी विकणाऱ्यांवर तो कसा तुटून पडतो, हे क्रमानं वाचलं नसतं तर मला पन्नाशीतही कळलं नसतं. मी भाड्यानं खोल्या देतो. आमोस वाचल्यावर एका भाडेकरूची थकलेली तीन महिन्यांची रक्कम सोडून दिली. ती ओळ मी स्वतःहून कधीच निवडली नसती.

स्कॉटलंडच्या रॉबर्ट मॅकचेन या तरुण पाळकानं (चर्चच्या धर्मगुरूनं) १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, वाचनाचा तक्ता केला होता, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. रोज चार अध्याय पडतात. तो तक्ता लोक आजही वापरतात. मी २३ वर्षं तोच वापरतोय. आठवत नाही म्हणून जेवण सोडतो का आपण? मागच्या मंगळवारी काय जेवलो ते आठवत नाही, पण अंगी लागलेलं असतं.

गिरिज_वसई

इथे मी कॅथलिक बाजूनं थोडं लिहितो, शिस्तप्रिय यांच्या मुद्द्यालाही त्यात उत्तर आहे असं वाटतं.

आमच्याकडे रोजच्या मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) वाचनं ठरलेली असतात. रविवारचं चक्र तीन वर्षांचं, इतर वारांचं दोन वर्षांचं. म्हणजे निवड माझी नसते, पण उतारा लहान असतो. गोड-कडू दोन्ही वाट्याला येतं. आणि त्या दिवशी जगभर तीच वाचनं वाचली जातात, ही गोष्ट मला फार आधार देते. माझी बहीण इस्रायलमध्ये एका म्हाताऱ्या बाईंच्या देखभालीचं काम करते. संध्याकाळी फोनवर आम्ही एकमेकांना विचारतो, "आज तुला कुठला शब्द लागला?" दोघांचा वेगळा असतो.

रीत जुनी आहे. बाराव्या शतकात गिगो नावाच्या मठवासी संन्याशानं चार पायऱ्या लिहून ठेवल्या. वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवापुढे गप्प बसणं. आमच्या फादरांनी आम्हाला तरुणपणी शिकवलं ते असं: पहिल्यांदा वाचा, काय लिहिलंय ते बघा. दुसऱ्यांदा वाचा, कुठला शब्द पदराला धरतो ते बघा. तिसऱ्यांदा वाचा आणि त्या शब्दावर देवाशी बोला, भांडायचं तर भांडा. चौथ्यांदा वाचू नका. बसा.

मठवासी याला रवंथ म्हणायचे. गाय आधी भराभर खाते आणि मग सावलीत बसून तेच परत तोंडात आणून चावते. नेवासेकर, तुमचं भराभर खाणं उत्तम चाललंय. सावलीत बसणं राहिलंय असं मला वाटतं.

आणि पहिल्या स्तोत्रात "रात्रंदिवस मनन करतो" असं आहे ना, तिथला मूळ हिब्रू शब्द 'हागा'. त्याचा अर्थ पुटपुटणं, गुरगुरणं असा आहे. यशया ३१:४ मध्ये सिंह आपल्या शिकारीवर गुरगुरतो तिथेही हाच शब्द. म्हणजे मनन हे डोक्यातल्या डोक्यात नाही, ओठांवर असतं. शिकार पंजाखाली धरून बसायचं.

काळी_माती

रवंथ! हा शब्द आज दिवसभर पुरेल. गोठ्यातच बसून वाचतोय, समोर दोघी रवंथ करतायत.

नाशिकची_लेक

मला एक विचारायचं आहे. सकाळी व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या चित्रावर वचन येतं, ते धरायचं का? माझ्याकडे सहा ग्रुपवर येतात. मी हात जोडलेली खूण टाकते आणि पुढे जाते. ते मनन नव्हे हे कळतं, पण मग त्याचं करायचं काय?

शिस्तप्रिय

सोडून द्यायचं. संदर्भाशिवाय तोडलेली ओळ फसवते. यिर्मया २९:११ सगळ्यांच्या भिंतीवर आहे, तुमच्या हिताचे संकल्प मी जाणतो म्हणून. पण ते पत्र बाबेलात बंदिवासात नेलेल्यांना लिहिलेलं आहे. आणि त्याच्या आदल्याच ओळीत लिहिलंय की सुटका ७० वर्षांनी. म्हणजे ज्यांनी ते ऐकलं त्यांतले बहुतेक परत जाणार नव्हते! तोवर तिथे घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं भलं मागा, असं त्यात आहे. गुलाबावर हे कुणी छापत नाही.

वाट_चुकलेला_पोस्टमन

शिस्तप्रिय, अर्थ तुमचा बरोबर, पण सोडून द्या हे पटत नाही.

माझी आई ७१ वर्षांची, गावी एकटी. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक अक्षर वाचता येत नाही. मी रोज सकाळी बसस्टॉपवर उभा राहून दहा-बारा ओळी वाचतो आणि आवाजाचा संदेश पाठवतो. ती ऐकते आणि उलट आवाजातच प्रार्थना पाठवते. त्यात मी, सूनबाई, नातवंडं, शेजारची आजारी बाई, सगळे असतात. मागे एसटीचा हॉर्न आणि तिच्याकडे कोंबड्या. चार वर्षं झाली. माझ्या फोनमध्ये ते सगळे संदेश जपून ठेवलेत. माध्यमात दोष नाही. कुणासाठी पाठवतोय ते माहीत असलं की पुरे.

नाशिकची_लेक

हे वाचून आत्ताच आत्याला फोन लावला. वचन टाकण्याऐवजी वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, "अगं, आज काय विशेष?" रडलीच ती थोडी.

तुळशीमाळ

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. धागा वाचत होतो, राहवलं नाही. धागाकर्ते नेवाशाचे, म्हणजे ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या गावाकडचे, म्हणून जरा हक्कानं विचारतो.

आमच्याकडे रोज हरिपाठ असतो. तेच अभंग, वर्षानुवर्षं. माझ्या आजोबांना कुणी म्हणालं, तेच तेच म्हणून कंटाळा येत नाही का, तर ते म्हणायचे की विहीर तीच असते, पाणी रोज नवं असतं. तुमच्याकडे पाठांतराला, गाऊन म्हणण्याला किती जागा आहे? कारण वाचून विसरण्याचा प्रश्न आमच्यात फार येत नाही, चालीत बसलेलं विसरत नाही.

गिरिज_वसई

तुळशीमाळ, स्वागत आहे तुमचं. विहिरीचं फार आवडलं.

जागा आहे आणि ती मराठी मातीतलीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून गोव्यात आलेले येशूसंघीय (जेझुइट). त्यांनी ख्रिस्तपुराण रचलं ते ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या, १६१६ मध्ये छापलं. ज्यांना लॅटिन कळत नव्हतं त्यांच्यासाठी अख्खी शास्त्रकथा गाता येईल अशी केली.

आजीची_नात

आणि नारायण वामन टिळक! ते म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना नवा करार वाचायला दिला. ते खुणा करत वाचायला बसले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले, तिथून हलवेना. १० फेब्रुवारी १८९५ ला बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी नंतर पाच वर्षांनी, स्वतःचं स्वतः पटल्यावर घेतला. टिळकांची भजनं आजही आमच्या मंडळीत टाळ-मृदंगावर म्हणतात.

पण मला माझ्या आजीबद्दल लिहायचं आहे.

आजीला अक्षर येत नव्हतं. आजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. ज्या गावात विहिरीवर हात लावता येत नव्हता तिथे मिशनच्या रात्रशाळेत त्यांनी वयाच्या विसाव्या वर्षी अक्षर गिरवलं. शुभवर्तमान हे त्यांच्या हातात आलेलं पहिलं पुस्तक, जे कुणी हिसकावून घेतलं नाही. रात्री ते बोट ठेवून वाचायचे आणि आजी ऐकायची. दुसऱ्या दिवशी खुरपताना ती तेच बायकांना सांगायची, स्वतःच्या शब्दांत. शोमरोनी बाईची (यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत त्या लोकांतली) आणि येशूची गोष्ट ती अशी सांगायची की ऐकणाऱ्या बायका खुरपं खाली ठेवायच्या. विहीर, भर दुपार, पाणी मागणारा परका पुरुष, आणि "तू माझ्या हातचं कसं पितोस?" हा प्रश्न. तो प्रश्न त्या बायकांना कुणी समजावून सांगावा लागत नव्हता. त्या तो रोज जगत होत्या.

तिची प्रार्थना लांब असायची. घरातल्या प्रत्येकाचं नाव, मग शेजाऱ्यांचं, मग पाळकसाहेबांचं, मग गायीचं, आणि शेवटी "ज्यांचं कुणीच नाव घेत नाही त्यांचं." आम्ही मुलं त्या शेवटच्या वाक्याची वाट बघायचो कारण त्यानंतर जेवण. आता ते वाक्य मी म्हणते तेव्हा आवाज फुटत नाही.



पाळकाचा_मुलगा

सगळे इतकं छान लिहितायत, त्यात मी वेगळं लिहितोय. समजून घ्या.

आमच्या घरी प्रार्थना सक्तीची होती. रात्री नऊ वाजता, ताप असला तरी. झोप लागली की कान पिरगाळला जायचा. वडील उत्तम प्रार्थना करायचे, लोक डोळे पुसायचे. पण घरात सख्ख्या काकांशी चौदा वर्षं बोलणं नव्हतं आणि त्या चौदा वर्षांत आम्ही प्रभूची प्रार्थना रोज म्हणत होतो. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे." मी बारा-तेरा वर्षांचा असताना ते वाक्य आलं की ओठ मिटून घ्यायचो. माझ्या मनानं ते खोटं ठरवलं होतं. वीस वर्षांचा झालो आणि सगळं सोडलं. पुढची बारा वर्षं शास्त्र उघडलं नाही.

परत आलो तो स्तोत्र ८८ मुळे. बायको आजारी होती, दवाखान्याच्या बाकड्यावर रात्र काढत होतो. शेजारच्या खाटेवरच्या कुणाचं तरी शास्त्र तिथे राहिलं होतं, उघडलं तर हे. बाकीच्या विलापांना शेवटी कुठेतरी आशेचं वळण असतं, याला ते नाही. अंधार हाच सोबती, असं म्हणून संपतं. मला धक्का बसला. असलं पण शास्त्रात ठेवलंय? कुणी खोडलं नाही? म्हणजे इथे खोटं बोलायची गरज नाही. त्या रात्री पहिल्यांदा मी स्वतःची प्रार्थना केली. दोन वाक्यांची होती, त्यातलं एक रागाचं.

बायको आज बरी आहे. मुलांवर मी सक्ती करत नाही. मी रोज सकाळी बाल्कनीत बसतो, दार उघडं ठेवतो. धाकटी कधी येते, मांडीवर डोकं ठेवते, कधी येत नाही.

मिरजेची_सिस्टर

दादा, हे वेगळं नाही. हेच हवं होतं या धाग्यावर. स्तोत्र ८८ मी अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाचून दाखवलंय, त्यांनी मागितल्यावर. काहींना स्तोत्र २३ त्या वेळी सहन होत नाही.

दोन_पिल्लांची_आई

सक्तीचा मुद्दा मनाला लागला. आमच्याकडे जेवणाच्या ताटावर पाच मिनिटं, एवढंच. एक जण वाचतो आणि प्रत्येकानं एक प्रश्न विचारायचा, उत्तर माहीत नसलं तरी चालतं.

परवा "शत्रूंवर प्रीती करा" आलं. सात वर्षांच्या चिरंजिवांनी गंभीरपणे विचारलं, "म्हणजे उद्या त्याला पहिली बॅटिंग द्यायची?" नवरा म्हणाला, हो. पोरगं बराच वेळ भाताशी खेळत राहिलं आणि म्हणालं, "मग बॉल तरी माझा वापरायचा." दुसऱ्या दिवशी दिली त्यानं बॅटिंग! तो शत्रू आता रोज आमच्याकडे पोहे खायला येतो.

अजून एक अडचण. मुलांना जुनी भाषा अडते. "खचित खचित" (म्हणजे खरोखर) आलं की दोघं हसत सुटतात. कुठलं भाषांतर वाचायचं?

शिस्तप्रिय

मला "खचित खचित" प्रिय आहे, ते गेलं तर येशूचा आवाजच बदलल्यासारखा वाटेल! पण मुलांना सोपं द्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेलं सुबोध बायबल बघा, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं आहे, टिपाही चांगल्या आहेत. दहा वर्षांची झाली की जुनं हातात द्या, दोन्ही शेजारी ठेवून वाचू देत.

आजीची_नात

सोप्या भाषेचा ध्यास पंडिता रमाबाईंना होता. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, पण केडगावच्या मुक्ती सदनातल्या साध्या बायकांना कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र त्यांनी नव्यानं मराठीत आणलं. छपाईचं काम तिथल्याच मुली-बायकांनी केलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. मला नेहमी वाटतं, ज्या बाईनं आई-वडिलांना दुष्काळात उपाशी मरताना पाहिलं, तिला कठीण शब्दांचा सोस उरला नसणार.

वाट_चुकलेला_पोस्टमन

दोन पिल्लांची आई, "बॉल तरी माझा वापरायचा" हे मी आईला पाठवलं. उत्तरात प्रार्थनेआधी अर्धा मिनिट नुसतं हसू आहे.

शिस्तप्रिय

नेवासेकर, धागा तुमचा आणि तुम्हीच गायब. मी आठवडाभर विचार करतोय. माझं जेवणाचं उदाहरण पूर्ण बरोबर नव्हतं. मी आता चार अध्याय वाचून झाले की एका कागदावर एक शब्द लिहितो आणि शर्टाच्या खिशात ठेवतो. रात्री काढून बघतो. गिरिज, हे तुमच्या सांगण्यावरून.

पण तुम्हाला एक विचारू का? काय आठवत नाही ते राहू द्या. वाचताना कुठून भरभर पुढे जावंसं वाटतं, ते सांगाल?

नेवासेकर

शिस्तप्रिय, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस लिहू शकलो नाही.

सांगतो. मत्तय ५:२३-२४. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. तिथून मी दोन्ही वर्षं धावत गेलोय.

मला धाकटा भाऊ आहे, गावीच असतो. वडील गेल्यावर दोन एकर आणि बोअरवेल यांवरून बोलाचाली झाली. १९ महिने झाले, बोलणं नाही. ख्रिसमसला मी गावी गेलो तो मंडळीत शेवटच्या बाकावर बसून परत आलो. पाळकाचा मुलगा यांनी काकांचं लिहिलं ते मी मध्यरात्री वाचलं. माझी पोरगी तेरा वर्षांची आहे.

पाळकाचा_मुलगा

नेवासेकर, मी तुम्हाला उद्देशून लिहिलं नव्हतं. पण लिहिल्याचं आता बरं वाटतंय. जाल तेव्हा मुलीला बरोबर घेऊन जा, जमलं तर.

गिरिज_वसई

एक गोष्ट बघा. तिथे "तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर" असं लिहिलेलं नाही. "भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर" असं आहे. मी हे कितीतरी वर्षं उलटं वाचत होतो. म्हणजे आपली बाजू घेऊन जायचं नाही, त्याची तक्रार ऐकायला जायचं. आपण बरोबर आहोत की नाही याचा तिथे उल्लेखच नाही.

मिरजेची_सिस्टर

आणि सातबारा घरी ठेवून जा. 🙏 मी आज रात्रपाळीला तुमच्यासाठी ओळ घेऊन चाललेय.

तुळशीमाळ

माउली, जाऊन या. आमच्याकडेही हरिपाठात नाव घेतो.

नेवासेकर

तीन आठवड्यांनी लिहितोय.

परवाच्या रविवारी गेलो, पोरगीला घेऊन. मंडळीत न जाता सरळ शेतात. तो कांद्याला पाणी देत होता. मला बघून बाऱ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं, मग तिसऱ्या. मी बांधावर उभा. पोरगी "काका" म्हणून पुढे गेली तेव्हा त्यानं फावडं टेकवलं.

मी म्हटलं, "तुझं माझ्याविरुद्ध काय आहे ते ऐकायला आलोय. मी मधे बोलणार नाही." सगळ्यांत अवघड काम ते होतं, मधे न बोलणं. दोनदा जीभ चावली.

मला वाटलं होतं बोअरवेल. ते आलंच नाही आधी. तो म्हणाला, अण्णांना शेवटचे चार महिने मी उचलून संडासला न्यायचो, तू शनिवारी यायचास, फळं घेऊन. लोक म्हणायचे, थोरला किती करतो. मग म्हणाला, "आणि दहाव्या दिवशी न विचारता फळीवरचं शास्त्र उचलून घेऊन गेलास. मी रात्री जेवणाआधी फळीकडे हात नेला आणि फळी रिकामी."

मंडळी, ज्या पुस्तकातून मी रोज पहाटे ते वचन वाचून पुढे जात होतो, तेच पुस्तक. मला हे १९ महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

ते माझ्या पिशवीतच होतं, सकाळी एसटीत वाचायला घेतलं होतं. काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं हात चिखलाचे म्हणून आधी शर्टाला पुसले. त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. जेवणाआधी त्यानं वाचलं, अण्णांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या तिथून. भजन आम्हा दोघांना सुरात जमत नाही, पोरीनं म्हटलं.

बोअरवेलचं मिटलेलं नाही. त्याचं म्हणणं अजून मला पूर्ण पटलेलं नाही आणि माझं त्याला. तलाठ्याकडे दोघं मिळून जायचं ठरलंय, पुढच्या शनिवारी. मी पुण्यात दुसरं शास्त्र घेतलं, नव्या भाषांतराचं. सध्या मत्तय पाचवा अध्यायच चालू आहे. पुढे जायची घाई नाही.

काळी_माती

कांदा कुठला, गावरान का? या दिवसांत फवारणी सांभाळून करायला सांगा भावाला. आणि शनिवारचं कळवा.

गिरिज_वसई

शुक्रवारी रात्री आमच्या घरी जपमाळ असते, आई सांगते कुणासाठी ते. तुमची नावं माहीत नाहीत, म्हणून तिला सांगितलंय, "नेवाशाचे दोन भाऊ" म्हण.

आजीची_नात

शनिवारी सकाळी मीही.